आजोबांची काठी आणि आमचा 'बुटका' पूल

सकाळपासून डोकं फिरलंय. आज वाडीत एसटी आलीच नाही, कॉलेजची पोरं तासभर थांबून घरी परतली. कारण काय, तर रेल्वेच्या पुलाअलीकडे जी लोखंडी कमान आहे, हाइट गेज, तिला एक डंपर अर्धा हौदा वर ठेवूनच धडकला आणि तिथेच अडकून बसला. आणि ग्रुपवर शिव्या कोणाला? पुलाला! "कुठल्या शहाण्याने बांधला हा बुटका पूल?"

त्या शहाण्यांपैकी एक माझे आजोबा होते.

मी तेव्हा पाचवीत. कोकण रेल्वेची मोजणी आमच्या मळ्यात आली, भाताची दोन खाचरं भरावात गेली. बाकीचं सोसलं असतं हो, पण त्या भरावाने गावाचे दोन तुकडे होणार होते. वाडी अलीकडे, मळा आणि स्मशान पलीकडे. आजोबांनी सामान ठेवायच्या बेड्यातली चिवारीची, म्हणजे बांबूची, लांबलचक काठी काढली, पेंढ्याने शिगोशीग भरलेल्या बैलगाडीशेजारी उभी धरली, गाडीच्या माथ्यावर खूण केली आणि तेवढी तोडून साहेबांसमोर नेली. "ह्याच्याखालनं माजी गाडी ग्येली पायजे सायब. वरनं तुमची, खालनं माजी." काठीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

बरं, मान्य. पुलाची उंची काही आमच्या काठीवरून ठरली नसेल, त्यांच्याकडे त्यांचे नकाशे होतेच. पण साहेबांनी ती काठी टेपने मोजली आणि आकडा वहीत लिहून घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

कोकण रेल्वे म्हटलं की सगळे पानवलच्या ६४ मीटर उंच पुलाचे फोटो टाकतात, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्याचं कौतुक करतात. करा ना! ही रेल्वे उभारणाऱ्या श्रीधरनसाहेबांचं नाव घ्या. आपल्या तेव्हाच्या राजापूर लोकसभा मतदारसंघाचे खासदार नाथ पै आणि मधु दंडवते या रेल्वेसाठी किती भांडले तेही सांगा. पण रोह्यापासून ठोकूरपर्यंत या लाईनवर दोन हजारांच्या घरात पूल आहेत. त्यातल्या बहुतेकांना नावच नाही, रंगाने लिहिलेला नंबर तेवढा. आमच्या पुलाच्या नंबरावर तर गेली दोन वर्षं कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर आहे. खालून जाताना लाज वाटते.

पुलाऐवजी फाटक असतं तर तुम्ही प्रत्येक मालगाडीला हॉर्न वाजवत बसला असता, तेव्हा कळलं असतं. आणि आज ती कमान मध्ये नसती तर डंपर थेट पुलाला बसला असता. मग तपासणी होईपर्यंत वरची मांडवी एक्स्प्रेसही उभी आणि कोकणकन्याही उभी.

असो. डंपरवाल्याचंही पोट आहे, आमच्याच वाडीतली पोरं चिरेखाणीवर जातात. पुलाखाली पावसात गुडघाभर पाणी साचतं हेही खरं. त्यावर बोला, गटार मागा, मी सगळ्यांच्या पुढे येते. पण "तोडा तो पूल" म्हणू नका.

१९९८ साली अख्खी लाईन जोडली गेली, पण आमच्या घरचा सोहळा त्याच्या आधीच झाला होता. पूल तयार झाल्यावर आजोबा खरंच पेंढ्याची गाडी घेऊन खालून गेले. बरोबर मध्यावर बैल थांबवले, काठी उभी केली. वर हातभर जागा उरली होती. इतका मोठ्याने हसलेला तो माणूस मी परत कधी पाहिला नाही. आता बैल नाहीत, आजोबा नाहीत, काठी मात्र अजून बेड्यात आडवी टाकलेली आहे.

मघाशी संध्याकाळी डंपर हलवल्यावर ती काठी घेऊन गेले. लोक बघत होते, बघू देत. त्याच जागी, मध्यावर उभी केली.

वर वीतभर जागा आहे.

पूल तिथेच आहे हो. दर निवडणुकीला जुनं डांबर न खरवडता त्याच्यावर नवा थर टाकतात, तो रस्ता वर आलाय.

फोटो कमेंटमध्ये टाकते.