पहिले चुकारा

कापूस वेचण्यापेक्षा तो विकणं कठीण, हे पराटीवाल्याला सांगावं लागत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी-रुई वेगळी करायच्या कारखान्यात, काटेवाला, प्रत ठरवणारा ग्रेडर, कापसाच्या ढिगावरचा गंजीवाला आणि मालाचे पैसे, म्हणजे चुकारा देणारा चुकारेवाला असे चार संस्थानिक नांदतात. आपापल्या कामात चौघंही वाघ. दुसऱ्याच्या हद्दीत काय चाललंय, याचं मात्र कुणालाच सोयरसुतक नाही.

ग्रेडरनं माझ्या मेटॅडोरमध्ये मॉइश्चर मीटर खुपसलं. चौदा टक्के! सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालवून घेत नाही, म्हणून असा माल खासगीत आणून पैशांत कटती सोसायची, हा आमचा रिवाज. चिठ्ठी हातात देत तो म्हणाला, "गंजीवर सांगजा, ओला माल येगळा टाका म्हना."

"तुमीच फोन करा ना भाऊ."

"ते आमच्याकडं नाही येत."

गंजीवाल्यानं चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. "ग्रेडरचा निरोप ग्रेडरनंच द्या लागते," म्हणाला, आणि हमालांनी माझा कापूस कोरड्या गंजीवर ओतला. ओला कापूस दाबून राहिला की आतून तापतो, रुई पिवळी पडते, मग १७० किलोच्या गाठीला भाव मिळत नाही, हे तिथल्या पोरासोरालाही ठाऊक. पण गाठीचा भाव हे विक्रीवाल्याचं खातं, आणि तो बसतो वरच्या मजल्यावर. एवढ्या पायऱ्या कोण चढणार बाप्पा!

ग्रेडर आणि चुकारेवाला यांच्यात एकच भिंत. तिच्यात खिडकी होती म्हणे. तिथं कूलर बसवला, तो हिवाळ्यातही निघत नाही. काट्याच्या पावतीवर गाडीचा नंबर, ग्रेडरच्या चिठ्ठीवर टोकन, चुकारेवाल्याच्या रजिस्टरात माणसाचं नाव. हे तिन्ही मीच, हे सिद्ध करायची जबाबदारी माझी. आधार आणि सातबारा घेऊन काटा, शेड, कॅबिन, पुन्हा काटा अशी माझी डाकसेवा सुरू झाली. पगार तेवढा नव्हता.

चुकाऱ्यासाठी असे खेटे घालता घालता तिकडे गंजी पिवळी पडली. शेठनं चौघांना उभं केलं. चौघांनी रजिस्टरं उघडून दाखवली. एकाही पानावर खाडाखोड नाही, सगळ्यांच्या सह्या जिथल्या तिथं. शेठ डोकं धरून ओसरीत आला, तर तिथं मी बसलेला.

"भाऊ, तुमी तं सगळीकडंच फिरता. हे कसं झालं, काई सांगता येते काय?"

"सांगतो ना शेठ. पहिले चुकारा काढा."