केटी देण्याआधी हे वाचा

तुम्ही नागपुरातल्या एका अजाइल (म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) कंपनीत आहात, पेमेंटचं जुनं मॉड्यूल फक्त तुम्हालाच कळतं आणि मॅनेजर म्हणतोय, ‘भाऊ, टीमला जरा समजावून दे न.’ यालाच केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर म्हणतात. घाबरू नका. ‘हो न, हा स्प्रिंट संपला की बसू,’ म्हणा. स्क्रम या अजाइल पद्धतीत एक स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक दिवसांचा टप्पा, संपला की लगेच दुसरा सुरू होतो. बसायला वेळ उरतच नाही.

कुणी डॉक्युमेंट मागितलंच, तर २००१चा अजाइल जाहीरनामा पुढे करा. युटातल्या स्की रिसॉर्टवर जमून १७ जाणत्यांनी लिहिलंय की सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं. कागदपत्रांनाही मोल आहे, असंही खाली लिहिलंय. तिथवर स्क्रोल करू नका.

स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, १५ मिनिटं असतात. ‘कालचाच इश्यू, ब्लॉकर नाही’ एवढं पुरे. रात्री आपोआप चालणारा प्रोग्राम एकच रिफंड दोनदा पाठवत होता म्हणून तुम्ही गुपचूप रिट्राय (पुन्हा पाठवून बघणं) बंद केला, ही गोष्ट आयटी पार्कच्या रस्त्यावर, पोह्यांवर तर्री ओतून घेताना सांगायची. तीही खास दोस्ताला. तेवढ्यात नवी पोरगी प्लेट घेऊन शेजारी उभी राहिली, तर विषय बदला: ‘काय ऊन तापून राहिलं बे!’

पेअर प्रोग्रामिंगला, म्हणजे दोघांनी मिळून एकाच कॉम्प्युटरवर कोड लिहिताना, कीबोर्ड सोडू नका. ‘हे असं काऊन केलं?’ विचारलं की ‘लेगसी आहे’, म्हणजे जुन्या काळचा कोड आहे, सांगा. टीमच्या विकीवर (माहितीच्या साइटवर) पान मात्र जरूर बनवा, आत ‘लवकरच’ लिहा. वरचे लोक पानं मोजतात, उघडत नाहीत.

टीममधली किती माणसं बसखाली आली की काम ठप्प होईल, त्या आकड्याला बस फॅक्टर म्हणतात. तुमच्या मॉड्यूलचा तो एक आहे. रिंग रोड जपून ओलांडा.

अपराधी वाटून घेऊ नका. रात्री दोनला फोन आल्यावर बंद पडलेलं प्रोडक्शन (ग्राहक वापरतात ती सिस्टीम) उभं करणाऱ्याला अप्रेझलमध्ये टाळ्या मिळतात. चार ओळी लिहून ठेवून तो फोनच येऊ न देणाऱ्याला कोण विचारतं? (हे मात्र मी गंमत म्हणून लिहीत नाही.)

शेवटी राजीनामा द्याल, तेव्हा नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात तीन तासांची केटी ठेवा, रेकॉर्डही करा. कुणी बघणार नाही. पुढे एखाद्या रात्री जुन्या टीमचा फोन येईल. उचला, आणि आधी तासाचा दर सांगा.