मन भरकटतं म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे

आमच्या दादरच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस एक फॉरवर्ड फिरतोय: ‘काम करताना मन भरकटतं? ही स्मृतिभ्रंशाची पहिली पायरी. हुशार माणसाचं मन स्थिर असतं.’ शेजारच्या काकू घाबरून विचारायला आल्या, म्हणून हा खुलासा.

मन सगळ्यांचंच भरकटतं. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२५० जणांना फोनवरून अधूनमधून विचारलं, तेव्हा जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच.

काकूंची तक्रार अशी, की कुलूप लावलं का, हे लोकल वांद्र्याला पोचली तरी आठवत नाही. (माझंही तेच.) पण यात आठवण पुसली गेलेली नसते. कुलूप लावताना डोक्यात ८.१२ची गाडी असते, त्यामुळे कुलूप लावल्याची आठवण नीट नोंदलीच जात नाही.

‘हुशार’वालं वाक्य तर अर्धवटच आहे. कार्यस्मृती, म्हणजे हातातली माहिती डोक्यात धरून ठेवायची क्षमता, चांगली असलेल्यांचं मन अवघड कामात कमी भटकतं, हे खरं. पण अगदी सोप्या कामात त्यांचंच जास्त भटकल्याचं २०१२च्या एका अभ्यासात दिसलं.

मात्र रोजच्या रस्त्यावर चुकायला होत असेल, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात असेल, तर डॉक्टरकडे जा. ग्रुपवर विचारू नका.