शेल्टरच्या दारातला पहिला तास

नाशिकला इंदिरानगरमध्ये आईच्या सोसायटीचा जो ग्रुप आहे, त्यावर गेले कित्येक महिने भांडण एकाच विषयावर होतं: कुत्री. एक बाजू म्हणते, उचला आणि शेल्टरमध्ये टाका. दुसरी म्हणते, ती इथलीच आहेत, हात लावून दाखवा. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ तारखेला तो आदेश बदलला: नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर धावणारी तेवढी ठेवून घ्या. मग ७ नोव्हेंबरला तिसरा आदेश आला. शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशनच्या आवारातली कुत्री मात्र तिथे परत सोडायची नाहीत, निवाऱ्यातच हलवायची. त्यामुळे आता ग्रुपवर प्रत्येकाच्या खिशात आपल्या सोयीचा एक आदेश आहे.

हे सगळं मी कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळ बसून वाचते. इथे मी शनिवार-रविवारी काउंटीच्या शेल्टरमध्ये हातभार लावायला जाते. बहुतेक वेळ टॉवेल धुण्यात जातो, पण कधीकधी प्राणी आत घेतात त्या टेबलाशी उभं राहायला मिळतं. तिथे जे दिसतं, त्यामुळे ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंचं एकाच वेळी नवल वाटतं. शेल्टर हा शब्द दोघीही असा वापरतात की जणू गाडी गेटातून आत गेली आणि गोष्ट संपली. एकीच्या मते सुटका झाली, दुसरीच्या मते कत्तल. खरं तर काय व्हायचं ते गेटाच्या आत गेल्यावर पहिल्या तासात ठरतं, आणि त्या तासाबद्दल नाशिकमध्ये कुणी चकार शब्द काढत नाही.

काय होतं या तासात? आलेलं कुत्रं आधी इतर पिंजऱ्यांसमोरून नेतच नाहीत. बाहेरच्या दारातून सरळ टेबलावर. मानेपासून खांद्यांपर्यंत स्कॅनर फिरवतात, कातडीखाली मालकाची ओळख पटवणारी चिप आहे का ते बघायला. वजन घेतात, दात बघून वयाचा अंदाज बांधतात, कातडी, कान, डोळे, नाक, पोट, जखमा बघतात, फोटो काढतात, गळ्यात नंबराचा कागदी पट्टा अडकवतात. लगेच टोचतात: डिस्टेंपर, पार्वो आणि कावीळ या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांची एकत्र लस. नाकात खोकल्याच्या लशीचे थेंब, तोंडात जंताचं औषध, मानेवर गोचीड-पिसवांचं औषध. खोकणारं, पातळ संडास करणारं, नाक गळणारं कुत्रं दुसऱ्या दाराने वेगळ्या खोलीत जातं. लंगडणारं, जखमी, अगदी गाभण असलेलंही सहसा लशीविना आत जात नाही. आपल्याकडे ‘बरं झालं की टोचू’ म्हणतात. घरच्या कुत्र्यासाठी ते ठीक आहे. शेल्टरमध्ये ते बरं होईस्तोवर शेजारच्या पिंजऱ्यातला विषाणू थांबत नाही.

या घाईचं कारण साधं आहे. पार्वो हा चिवट विषाणू आहे. फरशीच्या भेगांत, मातीत तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो. लागण झाल्यापासून साधारण आठवडाभरात कुत्रं ओकायला लागतं, रक्ताची संडास होते, आणि लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. शेल्टरमध्ये वापरतात ती जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची लस तीन ते पाच दिवसांत कामाला लागते. म्हणजे लस आणि विषाणू यांच्यात शर्यत असते, आणि लस सोमवारी डॉक्टर येतील तेव्हा टोचू म्हटलं तर ती शर्यत शनिवारीच हरलेली असते. पिल्लांचं आणखी अवघड. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण लशीलाच निकामी करतं आणि ते कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून चार-सहा आठवड्यांपासून सुरू करून दर दोन-तीन आठवड्यांनी, वीस आठवड्यांचं होईपर्यंत टोचत राहायचं. रेबीजची लस त्यात वेगळी, तीन महिन्यांच्या पुढे.

फिनेलबद्दल थोडं बोललंच पाहिजे. आपल्याकडे जागा स्वच्छ आहे हे नाकाला कळतं ते फिनेलच्या वासाने. पण पार्वो त्याला भीक घालत नाही. त्याला लागतं ब्लीच, एका भागाला एकतीस-बत्तीस भाग पाणी या मापात, आणि तेही आधी साबणाने घाण पूर्ण धुऊन काढल्यावर. विष्ठेवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. वर ते काळं फिनेल मांजरांना विषारी आहे, कारण फिनॉलचा निचरा मांजराच्या यकृताला नीट जमत नाही. पिंजरे धुण्याचा क्रमसुद्धा ठरलेला असतो: आधी निरोगी पिल्लं, मग मोठी, आजाऱ्यांची खोली सगळ्यात शेवटी, आणि तिथली खराटा-बादली तिथेच. याला पैसा लागत नाही, फक्त कुणीतरी भिंतीवर लिहून ठेवावं लागतं आणि रोज पाळावं लागतं.

मांजरांचं नाव आपल्या वादात येतच नाही. न्यायालयाचे आदेश कुत्र्यांचे, मनपाची गाडी कुत्र्यांची. पण कुठल्याही निवाऱ्याच्या गेटाशी सकाळी खोक्यात सोडलेली मांजरीची पिल्लं असतातच. मांजर भुंकत नाही, चावत सुटत नाही, नुसतं गोठून बसतं आणि त्या ताणातच तिच्या अंगात दबलेला नागीणवर्गाचा विषाणू उसळी मारतो; डोळे चिकटतात, नाक बंद होतं, वास येत नाही म्हणून खाणं सुटतं. इथे मांजराचा पिंजरा टॉवेलने झाकून आणतात, कुत्र्यांच्या भुंकण्यापासून लांब ठेवतात आणि आत लपायला एक पुठ्ठ्याचं खोकं देतात. तिची तीन रोगांची लसही दारातच होते. दूधपित्या पिल्लांना शक्यतो शेल्टरमध्ये ठेवतच नाहीत, कुणाच्या तरी घरी सांभाळायला देतात. नाशिकच्या मेनरोडवरच्या कुठल्याही दुकानात पुठ्ठ्याचं खोकं फुकट मिळेल.

आता अमेरिकेची आरती ओवाळत नाही. २०२४ मध्ये इथल्या शेल्टरांत जवळपास ५८ लाख कुत्री-मांजरं आली आणि सुमारे सहा लाखांना इंजेक्शन देऊन मारलं गेलं. ही टेबलं, ही शिस्त, शेजारी डेव्हिसच्या विद्यापीठात शेल्टरमधल्या प्राण्यांच्या वैद्यकाचा स्वतंत्र विभाग, २०१४ पासून या विषयाला वेगळ्या स्पेशालिटीची मान्यता, एवढं सगळं असून. आमच्या ग्रुपवर कुणी ‘तिकडे बघा, रस्त्यावर एक कुत्रं नसतं’ लिहिलं की हा आकडा टाकावासा वाटतो. इथे रस्ता रिकामा आहे, कारण कुत्र्याला मालक असतो असं गृहीत धरलेलं आहे. म्हणून चिप शोधायची, मालकासाठी ठरावीक दिवस थांबायचं, नाही आला तर नवं घर बघायचं, आणि घरही मिळालं नाही, जागाही उरली नाही, तर शेवटचं इंजेक्शन.

नाशिकच्या गल्लीतल्या कुत्र्याला मालक नसतो, पत्ता असतो. सिडकोतल्या एखाद्या चौकातलं, रामकुंडाच्या पायऱ्यांवरचं, सातपूरच्या कारखान्याच्या गेटावरचं. त्यामुळे अमेरिकेकडून घ्यायचं ते टेबल घ्यावं. हजार पिंजऱ्यांची इमारत घेऊ नये. आपलं शेल्टर दवाखान्यासारखं हवं: आत घेतलं, तपासलं, टोचलं, नसबंदी केली, जखम भरली, कानाला खूण केली आणि परत त्या चौकात सोडलं. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम बहुतांशी हेच सांगतात. फक्त त्यांत लस म्हणजे रेबीजची. ती माणसासाठी अत्यावश्यकच आहे, पण त्या कुत्र्याला आत असताना शेजारच्याकडून पार्वो किंवा डिस्टेंपर लागला, तर टाके काढलेलं कुत्रं रोग घेऊन गल्लीत परततं आणि तिथली पिल्लं मरतात. मग लोक म्हणतात, ऑपरेशन करून मारलं. नसबंदीच्या टेबलावर आणखी एक सुई टोचणं एवढाच फरक आहे.

नोव्हेंबरच्या आदेशाने मात्र एक नवीन वर्ग तयार केला, तो म्हणजे परत न जाणाऱ्यांचा. ठक्कर बाजार आणि सीबीएस ही बसस्टँडं, नाशिकरोड स्टेशन, सिव्हिल हॉस्पिटल, शाळा-कॉलेजांची आवारं. ही कुत्री आत आली की जन्मभरासाठी आली. त्यात ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. मेळ्याआधी शहर ‘साफ’ दिसावं म्हणून घाईघाईने गाड्या फिरल्या आणि एकाच पिंजऱ्यात दहा-दहा कुत्री यात्रेच्या एसटीसारखी कोंबली, तर कुठलीही लस पुरी पडणार नाही. गर्दी हाच पहिला रोग. इथली शेल्टरं जागा भरली की तातडीची नसलेली भरती थांबवतात, तारीख देतात, लोकांच्या शिव्या खातात. आपल्याकडे कुणाला नाही म्हणणं पाप वाटतं. चुंचाळ्याच्या पांजरपोळीची परंपरा असलेलं हे शहर आहे, आलेल्याला आसरा द्यायचा हे आपल्या अंगात आहे. पण गायी मोकळ्या रानात राहतात. शंभर अनोळखी कुत्री एका शेडमध्ये ठेवणं हा वेगळा मामला आहे.

नाशिकमध्ये हे जाणणारे लोक नाहीत असं अजिबात नाही. रात्री अकराला फोन आला म्हणून स्कूटरवर निघणारी, अळ्या पडलेल्या जखमा स्वतःच्या पैशाने धुणारी, लिंगाच्या गाठी असलेल्या कुत्र्यांना आठवड्याच्या आठवड्याला विन्क्रिस्टीन या कॅन्सरवरच्या इंजेक्शनसाठी नेणारी पोरं-पोरी या शहरात आहेत. अशोकस्तंभाला सरकारी जनावरांचा दवाखाना आहे. खासगी डॉक्टरांत कमी पैशात करून देणारे आहेत. कमी आहे ती जोडणारी साखळी: लशींचा फ्रिज आणि त्याला बॅटरी, आजाऱ्यांची खरोखर वेगळी खोली, माणसाला चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस एकटं ठेवून बघायची जागा, प्रत्येक प्राण्यामागे एक कागद. आणि गाडीवर जाळं घेऊन फिरणाऱ्या माणसाला स्वतःला आधीच दिलेली रेबीजची लस. जागतिक आरोग्य संघटना त्यासाठी दोन डोस सांगते, सात दिवसांच्या अंतराने. ग्रुपवर कुत्र्यांच्या हक्कांवर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांपैकी कुणी या माणसाबद्दल लिहिलेलं मी वाचलेलं नाही. निविदेत पिंजऱ्यांची संख्या विचारतात, तशी या पाच गोष्टींची नावं घेऊन विचारणा व्हायला हवी. नगरसेवकाला पत्र लिहायचं तर तेवढंच लिहावं.

माझा धाकटा भाऊ कॉलेजरोडला राहतो. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाला, “ताई, सिव्हिलमध्ये माणसांना खाट मिळत नाही आणि तू कुत्र्यांसाठी वेगळी खोली मागतेस?” त्याचा राग खोटा नाही. पण त्याच सिव्हिलमध्ये कुत्रं चावलेली माणसं इंजेक्शनसाठी रांगेत उभी असतात, त्यात मुलं किती तरी, आणि गरिबाचीच जास्त; ज्याच्याकडे गाडी आहे त्याला पहाटे कामावर चालत जावं लागत नाही. त्या रांगेचा खर्च महापालिका, जिल्हा, राज्य असा कुणीतरी दरवर्षी करतंच आहे. शेल्टरच्या दारातला खर्च त्याच हिशेबात धरायचा, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, “बघू, आमच्या नगरसेवकाला विचारतो, पण फ्रिजची बॅटरी कोण तपासणार ते तू सांग.” ते मला सांगता आलं नाही, आणि प्रश्न अगदी बरोबर होता.