एक्याण्णव म्हणजे नेमके किती?

मागच्या आठवड्यात बहिणीचा फोन. आवाज पडलेला. "दादा, रिपोर्ट आला. एक्याण्णव."

मी म्हटलं, "अगं मग रडतेस कशाला?" मला वाटलं, टक्के.

टक्के नव्हते, बुद्ध्यांक होता. भाचीला लिहायला फार वेळ लागतो, पेपर अर्धवट राहतात, म्हणून शाळेने चाचणी करून आणायला सांगितलं होतं. बहिणीने पहिल्या पानावरचा ठळक आकडा वाचला आणि फाइल मिटली. मागची तीन पानं उघडलीच नाहीत. "शंभराच्या आत आहे रे," एवढंच म्हणत राहिली, जणू नऊ गुणांनी पोर नापास झाली.

मी मानसशास्त्रातला नाही, पण हा विषय बरीच वर्षं हौसेने वाचतोय. त्या भांडवलावर लिहितो.

बुद्ध्यांक हे माप नाही, रांगेतला नंबर आहे. एकाच वयाची बरीच मुलं चाचणीला बसवतात, त्यांच्या सरासरीला १०० म्हणायचं असं ठरवतात, आणि १५-१५ गुणांच्या पायऱ्या पाडतात. दोनतृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात, कारण मांडणीच तशी केलेली असते. ९१ याचा अर्थ तिच्या वयाच्या शंभर मुलांत साधारण सत्तावीस तिच्या मागे, बाकीची पुढे. बस. ऐंशी किलो हे चाळीस किलोच्या दुप्पट असतात, पण १४० बुद्ध्यांकवाल्याला ७० वाल्याच्या दुप्पट अक्कल असते असं कुठलीच चाचणी म्हणत नाही.

शिवाय हा नंबरही हलता. तीच मुलगी दुसऱ्या दिवशी बसली तर पाच-सहा गुण इकडे-तिकडे सहज होतील. रिपोर्टात हे छापलेलं होतं, '८६ ते ९७' असं, पण बारीक अक्षरात. ठळक अक्षरात फक्त ९१.

गंमत म्हणजे, ज्याने ही चाचणी पहिल्यांदा बनवली त्याला ही रांग नकोच होती. फ्रान्समध्ये शाळा सक्तीची झाली होती, आणि वर्गात मागे पडणारी, जादा मदत लागणारी मुलं ओळखायची कशी हा तिथल्या सरकारपुढचा प्रश्न होता. १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी त्यासाठी तीस कामांची यादी केली. मुलाची बुद्धी ठरावीकच असते, ती वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर बिने पुढे चांगलाच उखडला होता. योग्य सराव दिला तर ती वाढते, असं त्याचं म्हणणं. १९११ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्नने मानसिक वयाला (म्हणजे मूल किती वर्षांच्या मुलांइतकी कामं करू शकतं, त्या वयाला) खऱ्या वयाने भागायची युक्ती काढली, १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मनने त्याला शंभराने गुणलं, आणि 'कुणाला मदत हवी?' हा प्रश्न बघता बघता 'कोण किती लायकीचा?' असा झाला.

तो प्रश्न कुठवर गेला? व्हर्जिनियातल्या कॅरी बक नावाच्या तरुणीचं मानसिक वय चाचणीत नऊ वर्षं निघालं. तिची सक्तीने नसबंदी करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. आई मंदबुद्धी, मुलगी मंदबुद्धी, नातही तशीच, असा युक्तिवाद होता. ती नात, म्हणजे कॅरीची मुलगी, पुढे शाळेत गेली आणि चांगल्या गुणांच्या यादीत झळकली. आठव्या वर्षी आजारपणात वारली. नसबंदी अर्थातच तोवर होऊन गेली होती.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. चाचणी थोतांड नाही. शाळेतल्या गुणांशी तिचा सहसंबंध (शून्य म्हणजे काही नातं नाही, एक म्हणजे पक्कं नातं) ०.५ च्या आसपास असतो, आणि मानसशास्त्रात एवढा सहसंबंध सहसा मिळत नाही. रक्तातल्या शिशामुळे मुलांचं नुकसान होतं हे दाखवण्यात याच चाचण्या कामी आल्या. पण फरकाचा किती भाग उलगडतो हे काढायला सहसंबंधाचा वर्ग करतात, आणि ०.५ चा वर्ग ०.२५. म्हणजे मुलामुलांच्या गुणांत जो फरक पडतो, त्यातला पाऊण भाग हा आकडा सांगतच नाही. आणि हो, 'आठ प्रकारच्या बुद्धिमत्ता असतात, हिची नववी असेल' असली समजूतही मी बहिणीची काढली नाही. त्या सिद्धांताला पुरावा फारच तोकडा आहे.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांच्या अभ्यासाने, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या. आकृत्यांची कोडी असलेली चाचणी त्याच शेतकऱ्यांना दोनदा दिली. एकदा तोडणीआधी, हातात पैसा नसताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसे आल्यावर. नंतरचे गुण स्पष्टपणे चांगले. माणूस तोच, डोकं तेच, मधे फक्त उसाचे पैसे आले. आता यातला कुठला आकडा त्याचा 'खरा' बुद्ध्यांक म्हणायचा? ज्याची ओढाताण वर्षातून एकदाही संपत नाही, त्याचा तोडणीनंतरचा आकडा कुणी कधी बघितलेलाच नसतो.

असो. रविवारी बहिणीकडे गेलो आणि मागची तीन पानं तिच्यासमोर उघडली. शब्द, अर्थ, समज या विभागात ११२. वेगाने चिन्हं जुळवण्याच्या विभागात ७६. एकाच डोक्यात छत्तीस गुणांची दरी, आणि या सगळ्याचं कडबोळं करून वर ९१. खाली तपासणाऱ्या बाईंनी स्वतःच लिहिलं होतं की विभागांत एवढी तफावत असताना एकूण आकड्यावर फार विसंबू नये. बाई प्रामाणिक. पण हे वाक्य चौथ्या पानावर!

भाची शेजारीच होती. म्हणाली, "मामा, लाल-पांढरे ठोकळे होते ना, त्याचं शेवटचं चित्र मला कळलं होतं. दोनच ठोकळे राहिले होते. त्या म्हणाल्या, वेळ संपली." त्या चित्राचे गुण शून्य. ज्याला काहीच सुधरलं नाही त्यालाही शून्य.

बहिणीने विचारलं, "मग आता करू काय या कागदांचं?"

मी पहिलं पान काढून मागे लावलं, चौथं वर घेतलं. वेगाच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि परीक्षेत वाढीव वेळ मिळावा म्हणून शाळेला अर्ज लिहून दिला. सोमवारी तिने तो नेऊन दिला. ऑफिसातल्या बाईंनी फाइल चाळली आणि पहिला प्रश्न विचारला: "एकूण किती आलाय?"