परदेशातून : आपला तो बाब्या

२०२५ च्या जुलैमध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २१ तारखेला मुंबई हायकोर्टाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटातल्या बाराही आरोपींना निर्दोष सोडलं आणि ३१ तारखेला एनआयए कोर्टाने २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही जणांना. पहिल्यात १८० हून जास्त माणसं गेली होती, दुसऱ्यात सहा. (लोकलच्या निकालावर सरकार सुप्रीम कोर्टात गेलं.) आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पहिल्या निकालाला "मग आमची माणसं मारली कोणी" असा संताप होता आणि दुसऱ्या निकालाला पेढ्यांचे फोटो. कॉलेजच्या ग्रुपवर बरोबर उलटं. दोन्हीकडे एकालाही असं वाटलं नाही की दोन्ही वेळेला मेलेल्यांच्या घरच्यांना एकच उत्तर मिळालंय, की माहीत नाही कोणी मारलं.

मग नेहमीचा वाद, दहशतवादाचं काय करायचं. एक काका म्हणतात ठेचून काढा, मावसभाऊ म्हणतो आधी मूळ कारण बघा, बेरोजगारी बघा. पण मला दिसतं ते असं की हेच काका आपल्या बाजूचा मुलगा असला की "पोरगं वाहवत गेलं" म्हणतात, आणि मावसभाऊही त्याला न आवडणाऱ्या बाजूचं मूळ कारण कधी शोधत नाही. आपल्यातला असला की परिस्थिती, दुसऱ्यातला असला की त्याचा धर्म, त्याची जात, त्याची विचारसरणी.

हे मला इतकं टोचतं कारण मी राहते ते गाव. पूर्व जर्मनीतलं येना. लाखभर वस्ती, झाइसच्या लेन्सचा कारखाना, युनिव्हर्सिटी, आपल्याकडची बरीच मुलं शिकायला येतात. आणि याच गावातून एनएसयू या निओ-नाझी, म्हणजे हिटलरचा वारसा सांगणाऱ्या दहशतवादी टोळीचे तिघे निघाले, मुंडलोस, ब्योनहार्ट आणि बेआटे चेपे. २००० ते २००७ मध्ये त्यांनी दहा जणांना गोळ्या घातल्या, आठ जण तुर्की मुळाचे, एक ग्रीक आणि एक जर्मन महिला पोलीस. शिवाय बॉम्ब, बँक दरोडे. १९९८ च्या जानेवारीत इथल्या एका गॅरेजमध्ये पोलिसांना त्यांचे पाइप बॉम्ब सापडले तेव्हा ते पळाले, आणि पुढे जवळपास चौदा वर्षं ते केम्निट्स नि त्स्विकाउमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये आरामात राहिले, शेजाऱ्यांना चांगली माणसं वाटायची. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये एक दरोडा फसला, दोघे मेले, तिसरीने घराला आग लावून शरणागती घेतली तेव्हा कुठे देशाला कळलं.

आता मूळ कारण बघू. बर्लिनची भिंत पडल्यावर इथे खरंच सगळं कोसळलं होतं, एकट्या झाइसमधूनच हजारो लोक घरी बसले, आईबाप रोजच्या काळजीत, शाळेत काल शिकवलेलं आज खोटं ठरलेलं. मुलं मोकाट, आणि त्या रिकामपणात डोकी भादरलेल्या, बूटवाल्या टोळ्यांनी जागा धरली. म्हणजे बेरोजगारीवाला मावसभाऊ बरोबर? अर्धाच. कारण मुंडलोसचे वडील कॉलेजात कॉम्प्युटरचे प्रोफेसर होते आणि ब्योनहार्टची आई शिक्षिका, वडील इंजिनिअर. आणि त्याच सिमेंटच्या बिल्डिंगांमध्ये वाढलेली, तेवढीच होरपळलेली हजारो पोरं कोणाला मारायला गेली नाहीत. आपल्याकडे २०१४ मध्ये कल्याणहून आयसिससाठी इराकला गेलेली चार पोरंही शिकलेलीच होती. परिस्थितीने माणूस भुकेला होतो हे मान्य, पण त्याच्या पुढ्यात विष कोण आणून ठेवतं, आणि आजूबाजूचे बघत असून गप्प का बसतात, हे प्रश्न मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

विन्झरला नावाचा इथला एक भाग आहे, ट्रामने जाता येतं. नव्वदच्या दशकात तिथल्या यूथ क्लबमध्ये हे तिघं पडीक असायचे. तेव्हा सरकारचंच धोरण होतं की अशा मुलांना हाकलू नका, त्यांना जागा द्या, ऐकून घ्या, आपोआप निवळतील. हेतू वाईट नव्हता. पण ऐकून घेताना "हे इथे चालणार नाही" असं ठणकावून सांगणारं कोणी नव्हतं, त्यामुळे झालं असं की क्लबच त्यांचे झाले आणि वेगळ्या रंगाची, वेगळ्या केसांची पोरं तिथून पळाली. आपली पोरं आहेत, जरा आडदांड आहेत, असं म्हणून सगळं खपलं. वर सरकारी गुप्तचर खात्याने थुरिंगियातल्या (येना ज्या राज्यात आहे ते) निओ-नाझी संघटनेच्या म्होरक्यालाच खबऱ्या म्हणून पोसला, त्याला वर्षानुवर्षं जवळपास दोन लाख मार्क दिले, आणि तो पैसा चळवळीतच गेला.

आणि ज्यांची माणसं मेली त्यांच्याशी कसं वागले? पहिला बळी एनव्हर शिमशेक, न्युर्नबर्गमध्ये रस्त्याकडेला फुलं विकत होते, सप्टेंबर २०००. पोलिसांनी त्यांच्या बायकोला एका सोनेरी केसांच्या बाईचा फोटो दाखवला आणि सांगितलं की ही तुझ्या नवऱ्याची दुसरी बाई. साफ खोटं. तिच्याकडून काहीतरी काढायला. ड्रग्ज असतील, तुर्की माफिया असेल, घरचं भांडण असेल, सगळं तपासलं. पेपरवाले तर "डोनर खून" म्हणायचे, म्हणजे माणसं मेली त्यांची ओळख एका खाण्याच्या पदार्थावर. २००६ मध्ये कासेलमध्ये या कुटुंबांनी मोर्चा काढला, दहावा बळी नको म्हणून. म्हणजे त्यांना कळलं होतं. ऐकलं कोणी नाही, आणि पुढच्याच वर्षी दहावा खून झाला.

हे वाचताना मला मालेगाव आठवतं, माझं माहेर मनमाडचं आहे, मालेगाव तासाभरावर. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा शुक्रवार, कब्रस्तान आणि मशिदीजवळ स्फोट, तीसहून जास्त माणसं गेली, बहुतेक सगळी मुस्लिम. आणि पकडले कोण? नऊ मुस्लिम. पाचेक वर्षं आत काढल्यावर जामीन आणि २०१६ मध्ये कोर्टाने आरोपमुक्त केलं. आमच्या घरी तेव्हा त्या पकडण्यावर कोणी एक शंका काढली नव्हती, एवढी वर्षं गेल्याची हळहळही नंतर कोणाला वाटली नाही.

इथे नंतर निदान झाडाझडती झाली. मर्केलबाईंनी २०१२ मध्ये बळींच्या घरच्यांची जाहीर माफी मागितली. संसदेची चौकशी समिती बसली, २०१३ मध्ये सगळ्या पक्षांनी मिळून अहवाल दिला. थुरिंगियाच्या विधानसभेने आपल्याच पोलिसांचे वाभाडे काढणारा वेगळा अहवाल दिला. म्युनिकमध्ये पाच वर्षं खटला चालून २०१८ मध्ये चेपेला जन्मठेप झाली. खबऱ्यांच्या फायली गुप्तचर खात्यात श्रेडरमध्ये गेल्या त्या गेल्याच, आणि घरच्यांना अजूनही वाटतं की सगळे साथीदार सापडले नाहीत, तेव्हा सगळं छान झालं असं मी म्हणत नाहीये. पण विन्झरलातल्या एका चौकाला २०२० मध्ये एनव्हर शिमशेक यांचं नाव दिलं. खून झाला न्युर्नबर्गमध्ये, चौक येनामध्ये, कारण मारेकरी इथले. "ही पोरं आमची होती" हे गावाने पाटीवर लिहून मान्य केलं. मी त्या चौकातून जाते तेव्हा दरवेळी वाटतं, आपल्याकडे असा एक तरी चौक होईल का.

दुसरं म्हणजे परत यायची वाट. २००० मध्ये एक माजी पोलीस अधिकारी आणि एक माजी निओ-नाझी यांनी मिळून एक्झिट नावाची संस्था काढली, ज्याला टोळी सोडायची त्याला घर बदलायला, काम शोधायला, जुन्या साथीदारांपासून वाचायला मदत. २०११ मध्ये आमच्या जवळच्या गेरा गावात नाझी रॉक कॉन्सर्टमध्ये यांनी अडीचशे टी-शर्ट वाटले, कवटी, झेंडे, सगळं त्यांच्याच आवडीचं. पोरं खूश. घरी जाऊन धुतल्यावर वरचा रंग गेला आणि खालून अक्षरं आली, तुझ्या टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल, आम्ही मदत करतो. यात शिव्या नाहीत आणि लाडही नाहीत. यूथ क्लबात जे चुकलं ते इथे बरोबर केलंय, माणसाला हात दिला पण त्याच्या विचाराला जागा दिली नाही.

तरीही २०२४ मध्ये आमच्या थुरिंगियात एएफडी हा स्थलांतरितांना विरोध करणारा कट्टर उजवा पक्ष ३२.८ टक्के मतं घेऊन पहिली आली. ऑफिसातला एक सहकारी सांगतो की त्याच्या आईच्या गावात डॉक्टर नाही, बस बंद झाली, तरुण मुली सगळ्या पश्चिमेला गेल्या. खरं आहे ते. पण त्याच्या आईची बस मी बंद केलेली नाही, आणि निवडणुकीनंतर ट्राममध्ये मोठ्याने आपल्या भाषेत फोनवर बोलायला मला कचरायला होतं, तेही खरं आहे.

महाराष्ट्राला हे जमत नाही असं नाही. गडचिरोलीत २००५ पासून नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पण योजना आहे, पैसे, घर, काम, इतकंच काय, संघटनेने नसबंदी करायला लावलेल्यांना ती उलटवायचं ऑपरेशनसुद्धा, म्हणजे पुन्हा संसार करता यावा. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती साठेक जणांसह शरण आला. त्याच वर्षी जुलैमध्ये जनसुरक्षा विधेयक पास झालं, आणि आपली सगळी चर्चा त्याच्यावर, कोण शहरी नक्षल नि कोण नाही. आणि दाभोलकरांच्या खुनात २०२४ मध्ये दोघा शूटर्सना जन्मठेप झाली पण सूत्रधार कोण ते कोर्टासमोर आलंच नाही. ती पोरं कोणाच्या घरची, त्यांच्या डोक्यात कोणी भरलं, कुठल्या शिबिरात, हे विचारायला आपल्यातले किती जण तयार आहेत?

मला विधानसभेकडून एकच हवंय. लोकलचे स्फोट, मालेगाव २००६, मालेगाव २००८, तिन्ही तपास एकाच टेबलावर घेऊन सर्वपक्षीय समिती बसवा, चुकीची माणसं का पकडली किंवा पकडलेल्यांवर गुन्हा का सिद्ध झाला नाही ते तपास अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारा, मेलेल्यांच्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवा, आणि अहवाल मराठीत छापा. ग्रुपवरच्या काकांना मी हेच लिहिलंय, तिन्ही नावं एका वाक्यात.