पैसे टाकल्याशिवाय स्कोअर होत नाही म्हणे!

‘सबवे सर्फर्स’ या रेल्वेच्या रुळांवर पळायच्या मोबाइल गेमबद्दल एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. कधी एखाद्या रीलखाली, कधी पालकांच्या ग्रुपवर, कधी भाच्याच्या तोंडून. त्याचं सार असं: गेम फुकट फक्त नावाला, पैसे टाकल्याशिवाय मोठा स्कोअर होतच नाही. मग अधूनमधून ९९ रुपये टाकायला काय हरकत? ओटीपीशिवाय पैसे कट होत नाहीत, त्यामुळे मुलांच्या हाती फोन द्यायला घाबरू नका. चुकून गेलेच तर गूगल परत देतं. तसेही सरकारने पैशांचे गेम बंद केलेत, म्हणजे जे उरलेत ते सुरक्षित. पैसे टाकायचेच नसतील तर ‘मॉड’ (कुणीतरी परस्पर बदललेली गेमची आवृत्ती) घ्या. आणि फारच झालं तर गेम डिलीट करा, विषय संपला.

ऐकायला सगळं व्यवहारी वाटतं. म्हणूनच एकेक घेऊन बघायला हवं.

पहिलं, पैशांशिवाय स्कोअर होत नाही हे. या गेममध्ये स्कोअर कशाने वाढतो हे ज्याला ठाऊक आहे तो असं म्हणणार नाही. तुम्ही किती लांब पळालात याला मल्टिप्लायरने गुणलं जातं. सुरुवातीला तो १ असतो आणि तीन-तीन मिशन्सचा एकेक संच पूर्ण केला की एकाने वाढतो, असा थेट ३० पर्यंत. म्हणजे तेवढंच अंतर, तोच अंगठा, तरी जुन्या खेळाडूचा स्कोअर नव्याच्या तीसपट होऊ शकतो. हा मल्टिप्लायर मिळतो मिशन्स करून. एका धावेत इतकी नाणी गोळा करा, इतक्या वेळा उडी मारा, इतक्या वेळा खाली घसरा, असली ती कामं असतात. एखादं मिशन नकोसं झालं तर गेममधलीच नाणी देऊन ते सोडताही येतं. नवा खेळाडू मिशन्सकडे ढुंकूनही बघत नाही, नुसता पळत सुटतो, स्कोअर होत नाही म्हणून वैतागतो आणि दुकानात शिरतो. अडचण मिशनची असते, तो उपाय पैशांचा शोधतो.

दुसरं साधन होव्हरबोर्ड. स्क्रीनवर दोनदा टॅप केलं की तो पायाखाली येतो आणि ३० सेकंद टिकतो. तेवढ्या वेळात धडकलात तर बोर्ड फुटतो, तुम्ही पळत राहता. एका बोर्डाला ३०० नाणी पडतात, आणि बऱ्यापैकी लांबलेल्या एका धावेत याहून जास्त नाणी हाताला लागतात. वेग वाढल्यावर, म्हणजे जिथे डोळा आणि अंगठा यांचा मेळ सुटायला लागतो तिथे, एकामागून एक बोर्ड लावत जाणारा खेळाडू सहसा फार लांब जातो. आणि बहुतेक मुलं मात्र तीच नाणी मिस्टरी बॉक्समध्ये उडवतात. बॉक्स उघडताना मजा येते हे कबूल, पण आत काय निघेल याचा भरवसा नाही. माझ्या मते सुरुवातीची नाणी दोनच ठिकाणी घालावीत, बोर्डांचा साठा आणि पॉवर-अपची (धावेत काही सेकंद मिळणाऱ्या जादा शक्तींची) मुदत वाढवणं. नवीन पात्रं नंतर. बहुतेक पात्रं दिसायला वेगळी असतात, पळायला नाही.

आता ज्यावर खरोखर पैसे जातात त्या चाव्या. मेलात की गेम विचारतो, चावी देऊन पुन्हा उभं राहायचं का? पहिल्या वेळी एक चावी. त्याच धावेत दुसऱ्यांदा मेलात की दोन, मग चार, मग आठ, मग सोळा. पाच वेळा जिवंत व्हायला ३१ चाव्या लागतात. आणि प्रश्न विचारला जातो कधी? विक्रम तुटायला थोडंसंच उरलंय, हाताला घाम आलाय, आणि उत्तर द्यायला दोन-चार सेकंद आहेत. शांत डोक्याने कुणी सोळा चाव्या एका उठण्यावर घालवणार नाही. म्हणून मी भाच्यांना नियम घालून दिलाय: एका धावेत फार तर दोनदा उठायचं, तिसऱ्या वेळी नवी धाव. चाव्या रुळांवर सापडतात, बॉक्समधून निघतात, रोजच्या बक्षिसांतून मिळतात. दोनदाच उठणाऱ्याला त्या पुरतात.

म्हणजे ज्याला पैसे न टाकता मोठा स्कोअर करायचा आहे त्याला वाट आहे, फक्त ती हळू आहे. दुकानात घाई विकायला ठेवलेली असते. घाई नसेल तर घेण्यासारखं फारसं काही नाही.

‘९९ रुपयांत काय जातं?’ यात ९९ रुपये हा मुद्दाच नाही. रुपये आणि खेळ यांच्यामध्ये चाव्या आणि नाणी घातलेली असतात, त्यामुळे खर्च करताना रुपया डोळ्यांसमोर येत नाही. कॉलेजच्या फन-फेअरमध्ये आधी कूपनं घ्यावी लागतात आणि शेवटी हातात उरलेली कूपनं संपवायला नको असलेला वडापावही खाल्ला जातो, तसलाच हा प्रकार. त्यात ‘आज रात्रीपर्यंतच’ अशी घड्याळं. सबवे सर्फर्सची वर्ल्ड टूर, म्हणजे गेममधलं शहर बदलत राहणं, जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कपासून सुरू झाली. पुढे मुंबईही येऊन गेली (लोकलच्या रुळांवर पळायची हौस असलेल्यांनी ती तिथेच भागवावी, हे उत्तम). प्रत्येक शहराबरोबर नवं पात्र, नवा बोर्ड, आणि ‘मर्यादित काळासाठी’चं लेबल. पण जुनी शहरं पुन्हा येतात आणि त्यांच्याबरोबर जुनी पात्रंही बऱ्याचदा परत मिळतात. खोटी घाई निर्माण करणं हा ग्राहकाला फसवण्याचा प्रकार आहे, हे आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहून ठेवलंय. अशा तेरा प्रकारांची यादीच आहे त्यात. प्रत्येक घड्याळ खोटं असतं असं नाही. पण घड्याळ दिसलं की दुकान बंद करून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार करायचा, एवढं पुरे.

खरेदीला माझा सरसकट विरोध नाही, हेही सांगून टाकतो. वर्षभर रोज खेळणाऱ्याने एकदा काही घेतलं तर आभाळ कोसळत नाही. घ्यायचंच तर नाणी कायमची दुप्पट करणारी, एकदाच पैसे देऊन मिळणारी सोय घ्यावी. चाव्यांचं पाकीट दोन धावांत संपतं, ही संपत नाही.

आता सगळ्यात धोकादायक विधान: ओटीपीशिवाय पैसे जात नाहीत. अर्धं खरं आहे म्हणूनच ते जास्त नडतं. भारतीय कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना बहुतेक वेळा ओटीपी येतो, हे बरोबर. पण प्ले स्टोअरमध्ये पैसे जाण्याच्या वाटा अनेक आहेत. वाढदिवसाला मुलाला गूगल प्लेचा रिचार्ज कोड भेट दिलात, तो खात्यात भरला, की ती शिल्लक खर्च होताना बँक मध्ये येतच नाही. मग ओटीपी कुठून येणार? दुसरी वाट ऑटो-पेची. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरची किंवा यूपीआयवरची वर्गणी एकदा ओटीपी किंवा पिन देऊन मंजूर केली की पुढचे हप्ते प्रत्येक वेळी विचारून जात नाहीत. ही सूट आधी ५,००० रुपयांपर्यंत होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० पर्यंत नेली. पैसे कट होण्याआधी चोवीस तास सूचना यायला हवी, आणि ती येतेही. पण बाकीच्या पन्नास मेसेजांत ती वाचतो कोण?

परदेशात राहणाऱ्यांना तर ओटीपीचा हा भरवसा मुळीच ठेवता येत नाही. अमेरिकन कार्ड जोडलेल्या फोनवर एका टॅपमध्ये खरेदी होऊ शकते, आणि तोच फोन उन्हाळ्यात पुण्याला आजीकडे आलेल्या नातवाच्या हातात असतो. हा वाद तिथे बारा-तेरा वर्षांपूर्वीच झालाय. मुलांनी पालकांच्या संमतीशिवाय गेममध्ये खरेदी केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी २०१४ मध्ये ॲपलने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि गूगलने किमान १ कोटी ९० लाख डॉलर ग्राहकांना परत देण्याचं मान्य केलं. त्यातला मुख्य आक्षेप वाचण्यासारखा आहे. एकदा पासवर्ड टाकला की ॲपलवर पंधरा मिनिटं आणि गूगलवर तीस मिनिटं दार उघडंच राहायचं. पालकाने एका वस्तूसाठी पासवर्ड टाकून फोन परत दिला, की पुढची खरेदी मुलाच्या मर्जीवर.

म्हणून ओटीपीची वाट बघण्यापेक्षा फोनच्या सेटिंग्जमध्ये पाच मिनिटं घालवावीत. प्ले स्टोअरमध्ये खरेदीच्या पडताळणीची सेटिंग असते, ती ‘प्रत्येक खरेदीसाठी’वर ठेवायची, तीस मिनिटांच्या मुदतीवर नाही. मुलाचं वेगळं खातं असेल तर गूगलच्या फॅमिली लिंक ॲपमधून खरेदीची मंजुरी आपल्याकडे घ्यायची. आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये जाऊन इन-ॲप खरेदी बंदच करता येते. आणि फोन उघडायचा पिन घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असेल, तर प्ले स्टोअरचा पासवर्ड वेगळा हवा. अंगठ्याने खरेदी चालू असेल तर झोपलेल्या बाबांचा अंगठाही चालतो. मुलं हुशार असतात.

चुकून गेले तर गूगल परत देतं, हे ‘कधी कधी’ हा शब्द गाळून सांगितलं जातं. खरेदीनंतर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरवरून परतावा मागता येतो आणि तो काही वेळा मिळतोही. त्यानंतर गेम बनवणाऱ्या कंपनीकडे जा असं सांगतात. शिवाय खात्याला पासवर्डचं संरक्षणच लावलं नव्हतं, किंवा स्वतःच तपशील दुसऱ्याला दिला होता, तर सहसा परतावा मिळत नाही हेही गूगलने लिहून ठेवलंय. तेव्हा पैसे गेलेले दिसले की आधी मागणी टाकायची. पोराला ओरडायला अख्खी संध्याकाळ पडलीय.

सरकारच्या बंदीचं काय? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तो पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांविरुद्ध आहे. चाव्या विकत घेणं त्यात येत नाही, कारण इथे जिंकून परत काहीच मिळायचं नसतं. त्या कायद्याने तुमच्या ९९ रुपयांना कसलंही संरक्षण दिलेलं नाही. खरेदीत फसवणूक झाल्यासारखी वाटली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

जाहिरातींचा मुद्दा या मजकुरात नसतो, पण लोक विचारतात म्हणून. हा गेम इंटरनेट नसतानाही चालतो. एअरप्लेन मोड लावला की धावांच्या मधल्या जाहिराती बंद. स्पर्धा आणि जाहिरात बघून मिळणारं बक्षीसही बंद होतं, पण नुसतं पळायचं असेल तर याहून स्वस्त उपाय नाही. मुलाच्या हाती फोन देताना मी हेच करतो. नेटच नसेल तर खरेदीही होत नाही.

आणि मॉड. ‘अनलिमिटेड कॉइन्स’ची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) कुणी बनवली हे कुणालाच माहीत नसतं. मूळ गेमवर ती सहसा बसत नाही, कारण तिची डिजिटल सही वेगळी असते. म्हणून आधी मूळ गेम काढून टाका असं सांगतात. तिथेच जमवलेली प्रगती गमवायची वेळ येते. नंतर प्ले स्टोअरचे अपडेट तिला मिळत नाहीत. हे सगळं सोडून दिलं तरी, गेमला एसएमएस वाचायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीन वाचायची आणि आपोआप चालवायची, परवानगी कशाला हवी? लग्नपत्रिकेच्या, वाहतूक चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीकेंनी लोकांची खाती रिकामी केल्याच्या बातम्या वाचून झाल्या असतील, तर ही फाइल त्यापेक्षा वेगळी कशी, हे मॉड सुचवणाऱ्याने सांगावं. ३०० नाण्यांचा बोर्ड वाचवायला कुणी बँकेच्या ओटीपीचं दार उघडून देत नाही. ज्यांनी आधीच टाकलीय त्यांनी फोनचं नेट तोडावं, फाइल काढावी, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावेत. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके ते परत मिळणं अवघड.

राहता राहिलं डिलीट. स्क्रीनवरून गेम काढला म्हणजे पैसे थांबले असं अजिबात नाही. गेमची मासिक किंवा आठवड्याची वर्गणी सुरू असेल, तर ती गेम काढल्यावरही चालू राहते आणि हप्ता ठरल्या तारखेला जातो. आधी प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वर आपल्या चित्रावर टॅप करायचं, पेमेंट आणि सबस्क्रिप्शनमध्ये जायचं, तिथली वर्गणी रद्द करायची. मग यूपीआय ॲपमधल्या ऑटो-पेच्या यादीतही एकदा बघायचं. तिथे गेमव्यतिरिक्तही दोन-तीन विसरलेल्या वर्गण्या सापडतील. त्याही काढून टाका. गेम डिलीट करायचं नंतर बघू.